न लिहिलेल्या तक्रारीमागे बुरैद्यापर्यंत

सौदीत भर ऑगस्टात गाडीचा एसी बंद पडला की माणूस आधी अल्लाची आठवण काढतो, मग आईची, आणि मग माझी. निदान जेद्द्यात तरी हाच क्रम होता. तिथल्या एका आलिशान जपानी गाडीच्या वर्कशॉपात मी एकोणीस वर्षं एसीचा मेकॅनिक होतो. गाडीचं नाव इथे घालत नाही. जपानात अशा दोन-तीन आहेत, ओळखत बसा. फुकटची जाहिरात मी आयुष्यात कुणाची केलेली नाही, स्वतःची सोडून.

आता खाडीकाठच्या आमच्या गावात पडवीत बसून हे लिहितो आहे. इथे प्रत्येक लग्नात कुणीतरी ताटावरून मान वर करून विचारतं, "इब्राहिमभाई, एवढी बादशाही नोकरी सोडून आलात कशाला?" प्रत्येक लग्नात मी वेगळं उत्तर दिलेलं आहे. एकदा तर राजघराण्यातल्या भांडणाचा संबंध जोडला होता. खरं उत्तर चार दिवसांच्या एका प्रवासात आहे, तेच इथे मांडतो. मीठ दोन-तीन ठिकाणी जास्त पडलं असेल, पण कालवणातला मासा खरा आहे.

जेद्दा

आधी माझी कीर्ती सांगतो, म्हणजे पुढे पडलो ते किती उंचावरून, ते कळेल. मला तिथे 'हकीम' म्हणत. ताइफच्या एका व्यापाऱ्याने एसी नीट झाल्याच्या आनंदात मुलाचं नाव इब्राहिम ठेवलं. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याला आधीचं एक नाव होतं, तरी ठेवलं.

या गाड्यांचा एसी स्वतः विचार करतो. तुम्ही फक्त बावीस डिग्री म्हणायचं. गाडीतली हवा हुंगून किती गार करायचं ते तो ठरवतो. हुंगायला त्याला स्टिअरिंगशेजारी एक नाक दिलेलं असतं: शर्टाच्या बटणाएवढी जाळी, तिच्या आत मुगाच्या दाण्याएवढा सेन्सर, आणि हवा हळूच आत ओढणारी नळी. आता सौदी माणसाला गाडी नुसती गार असून चालत नाही, ती सुवासिकही लागते. तो गाडीत ऊद जाळतो. उदाचा चिकट धूर आणि वाळवंटातली पिठासारखी धूळ यांचा लेप त्या दाण्यावर चढला की नाक चोंदतं. बाहेर सत्तेचाळीस डिग्री असताना एसीला वाटतं, हवा छान गार आहे, आणि तो झोपी जातो. इतर वर्कशॉपांत यावर गॅस बदलत, कॉम्प्रेसर बदलत, पॅनल बदलत. गाडी महिन्याभरात पुन्हा दारात.

मी एकदा त्या जाळीवरून बोट फिरवलं आणि बोट हुंगलं. बस, एवढंच माझं संशोधन. उपाय म्हणजे जुना टूथब्रश आणि चमचाभर स्पिरिट. काम दहा मिनिटांचं. मी तीन तास घ्यायचो. काचांना आतून चादरी लावायच्या, सगळ्यांना बाहेर काढायचं, डॉक्टरसारखी नळी कानाला लावायची आणि आत मस्तपैकी झोपायचं. शेवटी जॉबकार्डावर दोन शब्द लिहायचे: 'चेक्ड, ओके.'

खरं का लिहीत नव्हतो? एक तर दहा मिनिटांची विद्या सगळ्यांना कळली असती. आणि दुसरं म्हणजे आमच्या लोकांची रीत. दोष दिसला तर गुपचूप दुरुस्त करायचा, कागदावर येऊ द्यायचा नाही. तक्रार कागदावर आली की ती कुणाच्या तरी डोक्यावर बसते, आणि वर्कशॉपात सगळ्यात खालचं डोकं परदेशी माणसाचं असतं.

ती सौदीकरणाची वर्षं होती. कंपनीत सौदी माणसं किती, यावरून कंपनीला लाल, पिवळा, हिरवा असे रंग मिळत. आमची एजन्सी पिवळी पडली होती, कावीळ झाल्यासारखी. मॅनेजर लेबनानचा होता. त्याने मला बोलावून एक फॉर्म पुढे सरकवला.

"फहदला एसीचं काम शिकव. शिकला की इथे सही कर."

"आणि मग माझं काय?"

"राहण्याचा परवाना, तुझा इकामा, दीड महिन्यात संपतो ना? तो शिकला तर खलास, हसत घरी जा. नाही शिकला, तर तुझी गरज आहे असं मी वर लिहीन."

एवढं स्वच्छ कुणी मला आयुष्यात सांगितलं नव्हतं. माझी मुलगी रुखसार रत्नागिरीला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती, अजून दोन वर्षं जायची होती. मी मनात ठरवलं: फहदला एसी सोडून सगळं शिकवायचं.

हा फहद बुरैद्याचा. बत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, मला 'उस्ताद' म्हणणारा. सौदी पोरं काम करत नाहीत म्हणून आम्ही परदेशी लोक किस्से रचायचो, त्यातले निम्मे माझेच होते. हा मात्र टूलबॉक्स स्वतः उचलायचा. त्याचा मला भयंकर त्रास व्हायचा.

आणि त्याच आठवड्यात जपानहून मोरिता-सान आले. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, खिशात वही आणि थर्मामीटर. सोबत अजून बाजारात न आलेली, बिननावाची नवी गाडी. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"सगळीकडून एसीच्या तक्रारी येतात. कसीमकडून, म्हणजे बुरैद्याच्या बाजूने, तर एकेक गाडी तीनदा. जेद्द्याहून सात वर्षांत एकही नाही. तोक्योत सगळे म्हणाले, जेद्दा उत्तम आहे."

"मेहेरबानी," मी म्हणालो.

"पण मी त्यांना म्हणालो, जेद्दा आजारी आहे."

ठरलं असं की मी, फहद आणि मोरिता-सान, तिघांनी नव्या गाडीतून यान्बूला जायचं, तिथून बुरैद्याला, आणि वाटेत हकीमाची विद्या बघायची. त्या रात्री मला डोळ्याला डोळा लागला नाही.

यान्बू

डावीकडे तांबडा समुद्र, उजवीकडे तांबडी माती, मध्ये आम्ही. गाडी एवढी शांत की माझ्या पायाचा चाळा ऐकू येत होता. मला बेचैनी आली की उजवा पाय आपोआप हलतो. फहद चालवत होता, मी शेजारी. मोरिता-सान मागे बसून दर वीस मिनिटांनी थर्मामीटर बघून आकडा लिहीत होते.

माझी नजर डॅशबोर्डवर गेली आणि पाय थांबला. नाक मोठं झालं होतं. बटणाचं आता दहा रुपयांचं नाणं झालं होतं, आणि जागाही खाली आणली होती, बरोबर जिथे लोक उदाचं धुपाटणं ठेवतात तिथे.

"हे भोक," मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मोठं केलं वाटतं?"

"जेद्द्यामुळे," मोरिता-सान म्हणाले. "एवढी उष्णता आणि त्या भागाबद्दल एक तक्रार नाही. आम्हाला वाटलं, ही रचना बरोबर आहे, अजून हवा ओढू दे."

माझा पाय पुन्हा सुरू झाला, या वेळी दोन्ही.

मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. ते नोकरीला लागले तेव्हा त्यांची कंपनी साध्यासुध्या, न मरणाऱ्या गाड्यांसाठी प्रसिद्ध होती. एक दिवस वरच्या साहेबांनी ठरवलं, जर्मनांच्या तोडीची गाडी काढायची, वेगळ्या नावाने. मोरिता-सानना पहिली तीन वर्षं एकच काम होतं: दार बंद होतानाचा आवाज. दिवसभर दार उघडायचं, लावायचं. मग त्यांना परदेशात श्रीमंतांच्या वस्तीत पाठवलं. तिथे ते रस्त्यावर उभं राहून बायका अंगठ्या घातलेल्या हातांनी दार कसं उघडतात ते बघत. पोलिसांनी दोनदा हटकलं.

"बायकोला सांगितलं होतं का, काय काम करता ते?" फहदने विचारलं.

"नाही. ती अजून विचारते."

मलाही आठवलं. जेद्द्यात ती पहिली गाडी आली तेव्हा शेख लोक हसले होते. बकऱ्या वाहायच्या पिकअप बनवणारी कंपनी आम्हाला सोफ्यावर बसवणार, म्हणे. मग एकाने बसून चावी फिरवली आणि किंकाळी उठली, कारण इंजिन आधीपासूनच चालू होतं, त्याला कळलंच नव्हतं. त्या वर्षी आमच्याकडे एवढे स्टार्टर जळाले की आम्ही त्यांच्यावर चहा करायचो. पण हसणं थांबलं.

"जर्मनांकडे नाव होतं," मोरिता-सान म्हणाले. "आमच्याकडे नव्हतं. ज्याच्याकडे नाव नसतं त्याला फक्त तक्रारी ऐकता येतात. तक्रार करणारा माणूस अजून आपला असतो. गप्प बसतो तो गेलेला असतो."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

यान्बूत पाटणकरांकडे गाडी बघायची होती. हे नाशिकचे, तिथल्या पेट्रोकेमिकल कारखान्यात इंजिनिअर. देश सोडून जाणाऱ्या साहेबाकडून जुनी गाडी घेतलेली, आणि एसी झोपलेला. वहिनींनी गरम थालीपीठ वाढलं, लोण्याच्या जागी तिथलं घट्ट दही, लबनेह. मोरिता-साननी चार खाल्ली आणि मध्ये पाडलेली भोकं कशासाठी ते विचारलं. तेल आत जायला, म्हटल्यावर वहीत थालीपीठाची आकृती काढली.

जेवणानंतर मी गाडीत शिरलो आणि डॅशबोर्डचा खण उघडायला गेलो, तोच पाटणकरांची दहा वर्षांची सई ओरडली, "अंकल, डोन्ट ओपन दॅट. बाप्पा इज स्लीपिंग."

"मराठीत बोल गं त्यांच्याशी," वहिनी म्हणाल्या.

"ही नोज इंग्लिश, आई."

खणात बोटभर उंचीचा गणपती, आणि शेजारी उदबत्तीचा पुडा. पाटणकर हळूच म्हणाले, "रोज निघताना एक लावतो. काचा बंद करून. बाहेर दिसायला नको." म्हणजे सौदी माणूस उदाने करतो तेच आमचा नाशिककर उदबत्तीने करत होता. त्या जाळीला धर्म कुठला?

मोरिता-सान मात्र दारातून डोकं आत घालून हुंगत होते.

"हा वास कसला?"

"समुद्राचा," मी म्हणालो. "खाऱ्या हवेने एसी बिघडतो."

"समुद्राला चंदनाचा वास येतो?"

"यान्बूच्या समुद्राला येतो. इथे पूर्वी चंदनाने भरलेली गलबतं बुडाली आहेत."

मोरिता-साननी लिहून घेतलं. पाटणकरांनी माझ्याकडे बघितलं. "किती बुडाली, इब्राहिमभाई?" त्यांनी गंभीरपणे मराठीत विचारलं.

"तुम्ही गप्प बसा, पाटणकर. पोटाचा प्रश्न आहे."

मग मी चादरी लावल्या. तीन माणसांच्या अंगाच्या उष्णतेने निदान चुकतं असं सांगून दोघांना बाहेर काढलं, दहा मिनिटांत ब्रश फिरवला आणि तासभर बसून राहिलो. नेहमी अशा वेळी मला गाढ झोप लागायची. त्या दिवशी लागली नाही. बाहेर आलो तेव्हा मोरिता-सान ओसरीवर बसले होते आणि वही उघडी होती. पानावर एक छोटं गलबत काढलेलं होतं, शेजारी प्रश्नचिन्ह. त्या माणसाने माझी थाप एवढ्या काळजीने रेखाटली होती की मला घाम फुटला.

मदिनेबाहेरचा रस्ता

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरैद्याकडे निघालो. वाटेत मदिना. मोरिता-सान मुसलमान नाहीत, त्यांना शहराच्या पवित्र हद्दीत जाता येत नाही, म्हणून आम्ही बाहेरून वळसा घालणारा रस्ता धरला. एरवी त्या शहराजवळून मी न थांबता कधी गेलेलो नव्हतो. गाडीतूनच सलाम केला. मनात आलं, या खेपेला खिशात जे घेऊन चाललो आहे, ते घेऊन आत न गेलेलंच बरं.

पुढे काळ्या दगडांचा माळ लागतो. जुना ज्वालामुखी थुंकून गेलेला. मैलोगणती दगड, जणू कुणी दुनियेचा कोळसा उतरवून ठेवला आहे. तिथल्या एका पंपावर चहाला थांबलो. मोरिता-सान दगडांचं तापमान मोजायला गेले. फहदने दोन कागदी पेले आणले, एक मला दिला.

"उस्ताद, तुझ्या खिशात टूथब्रश का असतो?"

"दात घासायला."

"तू मिसवाकच्या काडीने घासतोस. मी रोज बघतो."

मी चहा फुंकत राहिलो.

"मी काही बोलत नाही," फहद म्हणाला. "फक्त ऐक. याआधी मी दोन कंपन्यांत होतो. पहिलीत एकदा गेलो, फोटो काढायला. दुसरीत तेवढंही नाही. त्यांना रंग हिरवा करायला सौदी नाव पाहिजे होतं. घरी बस, म्हणाले, महिन्याच्या महिन्याला पगार येईल. लोक म्हणतात, नशीबवान आहेस."

"आहेसच."

"माझ्या सालेहला शाळेत विचारलं, बाप काय करतो. तो म्हणाला, बाबा कंपनीत नाव आहे." त्याने पेला चुरगळला. "तू नाही शिकवलंस तर मी पुन्हा नाव होईन, उस्ताद."

एकोणीस वर्षांत माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला एक थाप तयार असायची. त्या पंपावर एकही सापडेना. "यल्ला, चल, उशीर होतोय," एवढंच म्हणालो. उशीर कशालाच होत नव्हता. पुढचे चार तास मी तीनदा सीट पुढे घेतली, चारदा मागे. रस्त्याची एक बाजू बघून कंटाळलो की दुसरी बघायचो, दोन्ही बाजूंना एकच वाळू होती. मनात एकदा रुखसार यायची, एकदा सालेह, आणि कुणीच दुसऱ्याला जागा देईना.

बुरैदा

बुरैद्याचा खजूरबाजार ज्याने बघितला नाही त्याने जन्माला येऊन खजूर खाल्लाच नाही असं समजावं. सकाळी सहाला मैदानात हजारो पिकअप, प्रत्येकीवर पेट्यांचे डोंगर, आणि मध्ये लिलाव पुकारणारे. मी सांगतो, तिथली हवा नुसती चाटली तरी साखर वाढते. आमच्याकडे हापूसच्या पेटीला लोक हुंगून बघतात, तसे इथे सुक्करी खजूर बोटांनी दाबून बघतात, आणि भावावरून घासाघीस करताना हात एकमेकांच्या खांद्यावर टाकतात.

पिकअपच्या गर्दीत एक आमची गाडी उभी होती. पांढरी, आलिशान, कातड्याच्या सीटची. मालकाने मागच्या सीटवर चौदा पेट्या खजूर रचला होता आणि रस सीटवरून गालिच्यावर ठिबकत होता. मला वाटलं, ज्यांनी तीन वर्षं दाराचा आवाज ऐकला ते मोरिता-सान इथेच देह ठेवतात. पण त्यांचा चेहरा उजळला. गुडघ्यावर बसून त्यांनी गालिच्याचा फोटो काढला.

"हे आम्हाला कुणी कळवलं नव्हतं," ते म्हणाले, एखाद्याला ठेवा सापडावा तसे.

दुपारी फहदच्या घरी जेवण. बैठकीत भिंतीला लागून गाद्या, मध्ये जरीश, म्हणजे गव्हाच्या कण्यांचा दह्यात शिजवलेला मऊ भात म्हणा, आणि कलीजा नावाची गोड, मसाल्याची बिस्किटं. आमच्याकडे पाहुण्याला "आणखी घ्या" म्हणतात, तिथे म्हणत नाहीत, सरळ मांसाचा तुकडा तोडून तुमच्या पुढ्यात टाकतात. फहदची आई समोर आली नाही, पण दाराआडून सगळं चालवत होती.

"तो जपानी जेवत का नाही?" आतून आवाज आला.

"जेवतोय, आई."

"आणि तो हिंदी? त्याचा पाय का हलतो?"

घरातलं बाईमाणूस भिंतीपलीकडून पाय बघतं, हे मला नवीन नव्हतं. आमची सकिना सौदीतला माझा पाय दाभोळच्या खाडीवरून बघायची.

जेवण झालं आणि ऊद आला. धुपाटणं हातोहात फिरतं, धूर दाढीला, रुमालाला लावून घ्यायचा, आणि मग उठायचं. उदानंतर बैठक नाही, अशी तिथली रीतच आहे. आम्ही उठलो. तेवढ्यात आतून पुन्हा आवाज.

"फहद, पाहुण्याच्या गाडीला प्लॅस्टिकचा वास येतो म्हणालास ना? तशी जाऊ देऊ नकोस."

फहद धुपाटणं घेऊन अंगणात गेला. गाडी सुरू केली, एसी लावला, धुपाटणं मधल्या खोबणीत ठेवलं, दारं लावली. मला ओरडावंसं वाटलं, पण काय म्हणून ओरडणार? बघता बघता गाडीत धूर भरला. मोरिता-सान काचेला नाक लावून उभे राहिले. वर जाणाऱ्या धुरातून एक बारीक धागा सुटला, शेवईसारखा. तो तिरपा झाला, वळला, आणि त्या नाण्याएवढ्या जाळीत शिरू लागला. एकसारखा, शांतपणे, कुणी आतून ओढून घ्यावा तसा.

आम्ही तिघेही बघत होतो. मग मोरिता-सान वळले.

"इब्राहिम-सान. किती वर्षं?"

मी तोंड उघडण्याआधीच फहद बोलला. "उस्तादने मला हे काल वाटेत सांगितलं. तुम्हाला डोळ्यांनी दिसावं म्हणून ऊद लावायला त्यानेच सांगितलं."

खोटं मला लाकडासारखं पारखता येतं. हे अस्सल सागवान होतं. एका खोट्यात माझी अब्रू झाकली होती आणि त्याचं शिकणंही सिद्ध केलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. पण स्वतःच्या अंगणात, आई दाराआड उभी असताना, तो माझ्यासाठी खोटं बोलला होता. ते मला पेलवेना.

"सात वर्षं," मी म्हणालो. "आणि याला मी काहीही सांगितलेलं नाही. लपवत होतो."

"किती गाड्या?"

हजार म्हणणार होतो. "तीनशेच्या आसपास." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून आकडा आहे तेवढाच बाहेर पडला.

"चंदनाची गलबतं?"

"एकही नाही."

मोरिता-सान पायरीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "आमच्याकडे अकरा माणसांनी दीड वर्ष हे नाक मोठं करण्यात घालवलं," ते म्हणाले. "तुमच्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून. तुम्ही सात वर्षं आमचं काम करत होतात, इब्राहिम-सान. फक्त आम्हाला ते माहीत नव्हतं."

मी टूलबॉक्सकडे गेलो. या वेळी चादरी काढल्या नाहीत. चारही दारं उघडी टाकली, फहदला चालकाच्या सीटवर बसवलं आणि ब्रश त्याच्या हातात दिला. "जाळी अशी, नखाने. ओढू नकोस, फिरव. आता दाणा दिसतो? त्याला बाळाच्या दातासारखं घास." त्याने घासलं. मोरिता-सान घड्याळ घेऊन उभे होते. नऊ मिनिटं. मला पहिल्यांदा अर्धा दिवस लागला होता, हेही मी सांगून टाकलं; जीभ सैल झाली होती.

मग मी फॉर्म बॉनेटवर ठेवला. पत्रा एवढा तापला होता की शाई कागदावर पडायच्या आधी वाळत होती.

"आज नको, उस्ताद," फहद म्हणाला. "पुढच्या महिन्यात कर. मी कुणाला सांगणार नाही."

"शिकलास आज. तारीख आजचीच पडेल."

सही झाली. त्याने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, तिथे वडीलधाऱ्यांचं घेतात तसं. मी कोपऱ्यात जाऊन सकिनाला फोन लावला. सगळं सांगितलं, गलबतांसकट.

"रुखसारचं बघू," ती म्हणाली. "इथेही गाड्यांना एसी असतात. एक सांगा, सही तुम्ही केली की करायला लावली?"

"केली."

"मग या."

परतीचा रस्ता

निघताना फहद चालवायला बसला आणि मोरिता-सान त्याच्या शेजारी, नाकावर लक्ष ठेवायला. मला मागचं दार उघडून दिलं. एकोणीस वर्षं मी या गाड्यांत डॅशबोर्डखाली पालथा पडलो होतो, सीटखाली सरपटलो होतो, पण मागच्या सीटवर, जिथे मालक बसतो तिथे, कधी बसलो नव्हतो. दार बंद झालं. त्याचा आवाज मी पहिल्यांदा आतून ऐकला.

बुरैदा मागे पडलं. थोड्या वेळाने मोरिता-सान वळले.

"मागे कसं वाटतं?"

आमच्याकडे यजमानाने असं विचारलं की 'झकास' म्हणायचं असतं. मी आधी पायांपाशी हात धरला, नंतर डोक्यापाशी. मग म्हणालो, "पाय गार पडतात आणि डोकं तापतं. मागे बसणारी माणसं म्हातारी असतात, साहेब. संध्याकाळी त्यांचे गुडघे दुखणार."

त्यांनी वही उघडली. लिहिलं. माझं पूर्ण नाव विचारून त्याखाली तेही लिहिलं, बापाच्या नावासकट.

"आणखी?"

जेद्दा अजून आठशे किलोमीटर होतं. मी चपला काढल्या, सीटवर मांडी घातली आणि सुरुवात केली.